थव्यात पुढे कोण?

सोयाबीन निघाले, कुटार गोठ्यात पडले, तुरीला फुले आली, की वाशीम जिल्ह्यातल्या संध्याकाळी आभाळाकडे पाहण्यासारख्या होतात. दिवसभर वखराच्या मागे-मागे फिरून किडे टिपणारे गायबगळे दिवस मावळायच्या सुमारास वावर सोडतात आणि मुक्कामाच्या झाडांकडे निघतात. एक रांग गेली, की थोड्या वेळाने दुसरी. कधी वीस-पंचवीस, कधी पाच-सहाच. वस्तीतली पोरे नखांवर नखे घासत धावतात आणि बगळ्यांकडे कवड्या मागतात. नखावर पांढरा ठिपका दिसला, की बगळ्याने कवडी दिली! हा खेळ आमच्या लहानपणी होता, आमच्या आईवडिलांच्या लहानपणीही होता.

त्या पोरांतले एखादे मध्येच थांबते आणि विचारते, "हे असे रांगेतच का उडतात?" इथे घरातल्या मोठ्या माणसांची पंचाईत होते. बहुतेक घरांत उत्तर ठरलेले आहे : "पुढे त्यांचा राजा असतो, बाकीचे त्याच्या मागे जातात." हेच उत्तर पुढे सभेतल्या भाषणात शिरते आणि आता तर मोबाइलवरच्या संदेशांतून घरोघर फिरते. पाखरांना कळते ते माणसाला कळत नाही, पाखरे कशी एका नेत्याच्या मागे मुकाट जातात, तुम्हीही तसेच चला, असा त्याचा मथितार्थ असतो. असे सांगणारा बहुधा स्वतःच नेता असतो, हेही आम्ही पाहिलेले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, पाखरांच्या नावावर खपवला जाणारा हा उपदेश खरा आहे काय? गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांनी पाखरांच्या पाठीवर छोटी यंत्रे बांधून ही गोष्ट तपासली आहे. जे हाती आले ते भाषणातल्या गोष्टीपेक्षा फार निराळे आहे आणि ते मुलांना सांगण्यासारखे आहे.

आधी आपल्याकडे काय दिसते ते पाहू. वाशीम शहराला पाणी देणारे एकबुर्जी धरण, कारंजाकडचे अडाण धरण, पैनगंगेचे पात्र, शिवाय गावोगावचे पाझर तलाव. अशा पाण्याच्या आसऱ्याने बगळे असतात, पाणकावळे असतात, विळ्यासारख्या वाकड्या चोचीचे शराटी असतात. थंडी पडली, की विदर्भातल्या तलावांवर उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. नारिंगी रंगाचे चक्रवाक येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस येतात. पक्षीअभ्यासक त्यांना पट्टकादंब म्हणतात. ही सगळी मंडळी रांग धरून उडतात. रांग कधी तिरपी असते, तर कधी दोन रांगा टोकाशी जुळून इंग्रजी व्ही अक्षर तयार होते. बारकाईने पाहिले तर व्हीच्या दोन बाजू क्वचितच सारख्या असतात. एक फांदी लांब, एक आखूड.

आता दुसरीकडे पोपट पाहा, चिमण्या पाहा, भोरड्या पाहा. त्याही थव्यानेच उडतात, पण त्यांचा नुसता घोळका असतो. त्यात रांग नाही, टोक नाही. म्हणजे थव्याने उडणे आणि रांगेत उडणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढोबळ नियम असा सांगता येईल, की मोठ्या अंगाची, लांब पंखांची, संथपणे पंख हलवणारी पाखरे रांग धरतात; लहान अंगाची, भराभर पंख मारणारी पाखरे घोळक्याने जातात. राजाच हवा असता तर तो पोपटांनाही हवा होता!

हवेला कडा असते

रांगेचे कारण पंखाखालच्या हवेत आहे. हवा दिसत नाही म्हणून ते कळायला अवघड जाते, एवढेच. आम्ही ते घरातल्या उदाहरणाने सांगून पाहतो.

कापसाच्या मऊ गादीवर मधोमध बसले, की बसल्या जागी गादी दबते आणि दोन्ही बाजूंच्या कडा वर येतात. पाखराचा पंख हवेला असाच खाली दाबतो. हवा खाली दाबली जाते म्हणून पाखरू वर राहते. पण दाबलेली हवा तशीच राहत नाही. पंखाच्या टोकाशी तिला मोकळी वाट मिळते आणि तिथून ती वळसा घेऊन वर चढते. उडत्या पाखराच्या दोन्ही पंखटोकांमागे हवेची अशी एकेक गुंडाळी सुटत जाते. म्हणून पाखराच्या अगदी पाठीमागे हवा खाली जात असते आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, थोडे मागे, ती वर येत असते.

आता मागून येणाऱ्या पाखराने कुठे राहावे? नेमके पाठीमागे राहिले तर वरून दाब पडेल, जास्त पंख मारावे लागतील. थोडे बाजूला सरकून राहिले तर वर येणारी हवा पंखाला आयती मिळेल. डोक्यावर पाट्यांचे ओझे असताना कोणी खालून हात लावावा, तसे. तिसरे पाखरू दुसऱ्याच्या बाजूला राहील, चौथे तिसऱ्याच्या. सगळे एकाच बाजूला सरकत गेले तर तिरपी रांग होते, दोन्ही बाजूंना वाटले गेले तर व्ही होतो. एवढा साधा मामला आहे. मुद्दाम आकार धरण्याचे काम त्यात कोणी करत नाही.

हे स्पष्टीकरण तसे जुने आहे. कार्ल विझेल्सबर्गर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ साली ते मांडले. विमाने नुकतीच उडू लागली होती आणि पंखाखालच्या हवेचा हिशेब माणूस नव्याने शिकत होता. पुढे १९७० साली लिसामन आणि शॉलेनबर्गर ह्या दोघांनी गणित करून सांगितले, की पंचवीस पाखरे मिळून उडाली तर एकट्या पाखरापेक्षा सुमारे सत्तर टक्के जास्त अंतर जाऊ शकतील. मोबाइलवरच्या संदेशात जो एकाहत्तर टक्क्यांचा आकडा ठोकून दिलेला असतो, त्याचे मूळ इथे आहे. पण तो कागदावरचा हिशेब होता, त्यात पाखराचे पंख विमानासारखे स्थिर धरलेले होते. पाखरू तर पंख मारते. खऱ्या पाखराची किती मेहनत वाचते, हे मोजायला आणखी तीस वर्षे गेली.

ते मोजले आफ्रिकेतल्या सेनेगल देशात. फ्रान्सचे आंरी वाईमर्सकिर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाळवलेले झोळीवाले, म्हणजे पेलिकन पक्षी घेतले. त्यांना नावेच्या आणि हलक्या विमानाच्या मागे उडायला शिकवले आणि काहींच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की एकट्याने उडताना जितके ठोके पडतात त्यापेक्षा थव्याच्या रांगेत उडताना ११ ते १४ टक्के कमी पडतात. रांगेत असताना पेलिकन पंख कमी मारतात आणि नुसते पंख पसरून तरंगतात जास्त. सत्तर टक्के नव्हे, तरी हा फायदा थोडाथोडका नाही. शेकडो कोस जायचे असेल, वाटेत चारा-पाणी कुठे मिळेल याची खात्री नसेल, तर दहा-बारा टक्के दम शिल्लक राहणे म्हणजे पोहोचणे आणि न पोहोचणे यातला फरक आहे. रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाला हा हिशेब समजावून सांगायला नको.

चौदा पाखरे आणि एक विमान

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बाजूच्या पाखरांना वर येणारी हवा मिळते हे कबूल. पण सर्वांत पुढे जो आहे त्याला पुढून कोणाची मदत? तो कष्ट सोसतो आणि मागचे आराम खातात. मग तो का सोसतो? राजा म्हणून? त्यागी म्हणून?

ह्याचे उत्तर युरोपातल्या एका टकल्या शराटीने दिले. आपल्याकडच्या शराटीचाच हा भाऊबंद, डोक्यावर पिसे नसलेला. युरोपातून तो तीनशे वर्षांपूर्वीच शिकारीने नाहीसा झाला. ऑस्ट्रियातल्या काही मंडळींनी त्याला पुन्हा वसवायचे ठरवले. प्राणिसंग्रहालयांतल्या पाखरांची पिल्ले माणसांनी हाताने भरवून वाढवली. पण थंडीत दक्षिणेला जायची वाट त्यांना दाखवणार कोण? जाणती पाखरेच उरली नव्हती. तेव्हा त्यांना वाढवणाऱ्या बाया पंख्याच्या हलक्या विमानात मागे बसल्या आणि हाका मारू लागल्या. पिल्ले आपल्या ह्या मानलेल्या आयांच्या मागे उडू लागली. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपासून आल्प्सचे डोंगर ओलांडून इटलीतल्या ऑर्बेटेलोपर्यंत त्यांचा प्रवास झाला.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या स्टीव्हन पोर्तुगाल यांना ही संधी नेमकी हवी होती. रानातल्या पाखरावर यंत्र बांधले तर ते परत मिळत नाही. ही पाखरे मात्र संध्याकाळी विमानाजवळच उतरत होती. चौदा पाखरांच्या पाठीवर प्रत्येकी २३ ग्रॅम वजनाचे यंत्र बांधले. कोणते पाखरू कोणत्या क्षणी कुठे होते आणि त्याने पंख कधी वर नेला, कधी खाली आणला, हे सगळे त्यात नोंदले गेले. २०१४ साली ते प्रसिद्ध झाले.

त्यात दिसले, की गणिताने जिथे राहावे असे सांगितले होते नेमक्या तिथेच पाखरे राहत होती. एवढेच नव्हे, मागचे पाखरू पंख मारण्याची वेळही साधत होते. पुढच्याच्या पंखाचे टोक हवेत ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने मागच्याच्या पंखाचे टोक जात होते. चिखलातून चालताना पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवावे, तसे. चुकून एखादे पाखरू नेमके पाठीमागे आले, तर ते लगेच उलट्या ठेक्याने पंख मारी, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेचा तडाखा कमी बसे. ह्या चौदांत एकही वडीलधारे पाखरू नव्हते. सगळी त्याच वर्षीची पिल्ले. कोणाकडून धडा न घेता, एकमेकांसोबत उडता-उडता ती हे शिकली.

त्याच पाखरांच्या नोंदी पुढे ऑक्सफर्डच्या बर्नहार्ड फोल्कल यांनी वेगळ्या प्रश्नासाठी तपासल्या. पुढे कोण असतो? २०१५ साली त्यांनी उत्तर छापले : कायमचा कोणीच नाही. पाखरे सारखी जागा बदलत होती. सरासरीने प्रत्येक पाखरू आपल्या वेळेपैकी ३२ टक्के वेळ दुसऱ्याच्या मागे राहून फायदा घेत होते आणि ज्याने जितका फायदा घेतला त्या मानाने तो पुढेही राहत होता. आणखी बारीक पाहिले तेव्हा कळले, की ही फेड जोडीजोडीने होत होती. तू माझ्यापुढे इतका वेळ राहिलास, आता मी तुझ्यापुढे राहतो. नुसते मागे राहून फुकटचा दम खाणारे पाखरू त्यांना आढळले नाही.

आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बाया पात धरतात, एकमेकींच्या जरा मागे-पुढे सरकत जातात. कोणाची पात मागे पडली तर शेजारची दोन हात तिच्या पातीत मारते आणि दुसऱ्या दिवशी ती ते फेडते. त्यासाठी कोणाला मुकादमाचा हुकूम लागत नाही. पाखरांच्या बाबतीत शास्त्रज्ञांना जे आढळले ते ह्या बायांना ऐकवले, तर त्या म्हणतील, "यात नवे काय?" आम्हाला मात्र नवे वाटले, कारण आम्हीही भाषणे ऐकत मोठे झालो आहोत.

चुंबळीची गोष्ट

मिळून उडण्याची एक फार जुनी गोष्ट आपल्या घरात आहे आणि ती इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. ती जातककथांतली सम्मोदमान जातक. पारधी लावा पक्ष्यांवर जाळे टाकतो. लावे जाळ्याच्या एकेका छिद्रात डोके घालतात, सगळे मिळून जाळे उचलून उडतात आणि काटेरी झुडपावर ते अडकवून निसटतात. रोज असेच चालते. पारधी रिकाम्या हाताने घरी येतो, बायकोचे बोलणे खातो आणि म्हणतो, ते भांडतील त्या दिवशी मी आणीन. एके दिवशी चरायला उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्याला लागतो. त्यावरून तोंडाला तोंड लागते आणि टोमणे सुरू होतात : जाळे जणू तूच एकटा उचलतोस! मग जाळे पडते तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, आता उचल तू. उचलत कोणीच नाही.

पाहा, भांडण कशावरून आहे? राजा कोण यावरून नाही. ओझे कोण उचलतो आणि कोण चुकवतो यावरून आहे. फोल्कल यांनी यंत्राने जे मोजले तोच हा प्रश्न. ही कथा तथागतांनी ज्या प्रसंगाने सांगितली तो प्रसंगही आमच्या बायाबापड्यांना जवळचा आहे : कपिलवस्तूत एका चुंबळीवरून लागलेले भांडण. पाली भाषेत तिला चुम्बटक म्हणतात. घागरीखाली, पाटीखाली डोक्यावर ठेवायची ती चुंबळ. शब्दसुद्धा अडीच हजार वर्षांत फारसा बदललेला नाही.

अर्थात कथा ही कथा आहे आणि लावा काही रांगेने उडणारा पक्षी नव्हे. पंखाखालची हवा त्या कथाकाराला ठाऊक नव्हती. पण मुलांना एक सांगितल्यावर दुसरे सांगायला हरकत नाही, फक्त कोणती कथा आणि कोणते मोजमाप, हे वेगळे करून सांगावे.

भोरड्यांचे गणित

घोळक्याचे काय? तिथे दम वाचत नाही. लंडनच्याच जेम्स अशरवुड यांनी अठरा पारव्यांच्या पाठीवर यंत्रे बांधली आणि २०११ साली दाखवून दिले, की दाट घोळक्यात उडताना पारव्याला उलट जास्त जोराने पंख मारावे लागतात. मग ती घोळका का करतात? जिवाच्या भीतीने. बहिरी ससाण्याला एकटे पाखरू नेम धरून मारता येते. हजार पाखरांत नेम धरता-धरता तो गोंधळतो. शिवाय हजार डोळे पाहत असतात. म्हणजे बगळा रांगेत जातो तो दम वाचवायला आणि पारवा घोळक्यात जातो तो दम खर्चून जीव वाचवायला.

घोळक्याचा बादशहा म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, साळुंकीच्या जातीची. कझाकस्तानाकडे अंडी घालते आणि पावसाळा सरता-सरता आपल्याकडे येते, एप्रिलपर्यंत राहते. ज्वारीचे वावर हुरड्यावर आले, की भोरड्यांचे ढगच्या ढग उतरत. मचाणावर उभे राहून गोफण फिरवायची आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचे, हे आमच्या पिढीतल्या कित्येकांचे लहानपणीचे काम. शाळा बुडायची ती ह्यापायी. आता जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीन झाले, ज्वारीचे वावर शोधावे लागते आणि गोफण पोरांना चित्रात दाखवावी लागते. तरी काटेसावर फुलली, की तिच्या लाल फुलांवर भोरड्यांचा कालवा अजून ऐकू येतो. एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्वारी खातात म्हणून त्या बदनाम झाल्या, पण टोळ आणि नाकतोडे यांचा त्या फडशा पाडतात.

संध्याकाळी हा ढग आभाळात वळतो, ताणला जातो, आकसतो, पण एक पाखरू दुसऱ्यावर आदळत नाही. हुकूम कोण देतो? ह्याच जातीच्या युरोपी पाखरांवर इटलीत अभ्यास झाला. रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळच्या एका संग्रहालयाच्या गच्चीवरून शास्त्रज्ञांनी अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी छायाचित्रे घेतली आणि हजारो पाखरांची हवेतली जागा काढली. २००८ साली त्यांनी सांगितले, की प्रत्येक पाखरू फक्त आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवते. ते वळले की हे वळते. सातांचे सातांना, त्यांचे पुढच्या सातांना, असे करत क्षणात सगळा थवा वळतो. ह्या कामात असलेले जॉर्जो पारिसी यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते केवळ पाखरांसाठी नव्हते. असंख्य लहान घटकांच्या गोंधळातून व्यवस्था कशी निर्माण होते, ह्या त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासासाठी होते. पण भोरड्यांच्या चुलत भावंडांचाही त्यात वाटा आहे, असे आम्ही आपले समजतो.

वाट कोण दाखवतो

इतके वाचून कोणी म्हणेल, की मग थव्यात वडीलधाऱ्यांना काही किंमतच नाही काय? आहे, आणि फार मोठी आहे. पण ती हुकमाची नाही, माहितीची आहे.

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या, उंच मानेच्या करकोच्यांची एक जात जवळजवळ संपली होती. तिलाही असेच विमानामागे उडवून वाट शिकवली. पहिल्या वर्षी विमान, पुढच्या वर्षांपासून पाखरे आपली आपण. कित्येक वर्षांच्या नोंदी पाहून २०१३ साली शास्त्रज्ञांनी सांगितले, की थव्यात नुसती एक वर्षाची पाखरे असली तर ती वाटेवरून बरीच भरकटतात. सात वर्षांचे एक जरी पाखरू सोबत असले तर भरकटणे ३८ टक्क्यांनी कमी होते. थवा मोठा की लहान, याने फरक पडत नव्हता. एक जाणते पाखरू असणे पुरे होते.

ह्याची दुसरी बाजू आपल्या देशात घडली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव उद्यानात दर थंडीत सायबेरियातले पांढरे करकोचे येत. वाटेत त्यांची शिकार होत गेली, पाणथळी आटत गेल्या, थवा लहान होत गेला. २००२ च्या थंडीअखेरीस शेवटची जोडी उडून गेली ती परत आली नाही. आज भरतपुरात पाणी सोडले, झाडे राखली, तरी ते करकोचे आपोआप येणार नाहीत. तिकडची वाट ठाऊक असलेले पाखरूच उरले नाही.

सगळ्याच पाखरांचे असे नसते, हेही सांगितले पाहिजे. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येणारा चातक आपले अंडे सातभाईच्या घरट्यात घालतो. ते पिल्लू सातभाईंच्या हातचे खाऊन वाढते, खऱ्या आईबापांना ओळखतही नाही आणि तरी एकटे उडून समुद्रापलीकडे जाते. त्याची वाट जन्मतःच त्याच्या अंगात असते. निसर्गात एकच एक नियम शोधायला जाणाऱ्याची अशी फजिती होते.

आपल्याकडे येणाऱ्या राजहंसांचा पल्ला ऐकून मुले तोंडात बोट घालतात. मंगोलिया, तिबेटकडून हे पाखरू हिमालय ओलांडून येते. यंत्र बांधलेला एक राजहंस ७,२९० मीटर उंचीवर नोंदला गेला. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. त्याच्या चौपटीहून वर. तिथे हवा इतकी विरळ असते, की माणसाला दोन पावले चालताना धाप लागते. तरी उगाच उंच राहायचा हट्ट हे पाखरू करत नाही. डोंगर चढला की चढते, दरी आली की खाली उतरते, पुन्हा चढते. त्यातच त्याचा दम कमी जातो, असे २०१५ साली सिद्ध झाले.

पाखरांची ही युक्ती माणसानेही उचलली. एअरबस कंपनीने ९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन मोठी विमाने फ्रान्सच्या तुलूझहून कॅनडातल्या माँट्रियलला एकामागोमाग नेली. मागचे विमान सुमारे तीन किलोमीटर मागे आणि पुढच्याच्या पंखाबाहेर वर येणाऱ्या हवेत ठेवले. त्या एका फेरीत सहा टनांहून जास्त कार्बन वायू कमी सुटला.

आता थोडे कामाचे. दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाच तारीख मारुती चितमपल्ली यांच्या जन्माची, बारा तारीख सलीम अली यांच्या. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. विदर्भातल्या जंगलांत नोकरी करत त्यांनी पाखरांची मराठी नावे गोळा केली, म्हणून आज पाखराला हाक मारायला आपल्याकडे शब्द आहेत. शाळेच्या वाचनालयात त्यांचा 'पक्षीकोश' असेल तर मुलांना तो काढून द्यावा.

जानेवारीत पतंग उडतात आणि नेमक्या संध्याकाळच्याच वेळी पाखरांच्या रांगा खालून जातात. नायलॉनचा मांजा पंखाला कापतो, झाडात अडकून पुढे महिनोन्‌महिने फास होऊन लटकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो दुकानात मिळतोच. पोरांना साधा सुती दोरा घेऊन द्यावा. पतंग तितकाच वर जातो.

दुर्बीण नसली तरी अडत नाही. दिवस मावळायच्या अर्धा तास आधी तलावाच्या काठी किंवा घराच्या गच्चीवर उभे राहावे. मुलाच्या वहीत तारीख, वेळ, किती पाखरे, कोणत्या दिशेला, असे चार रकाने आखावेत. रांग दिसली, की सर्वांत पुढचे पाखरू नजरेत धरून ठेवावे आणि ते किती वेळ पुढे राहते ते तोंडाने आकडे म्हणत मोजावे.